पहिला दोष सापडेपर्यंत

घर हे राहण्यासाठी नसून तपासण्यासाठी असते, हे सत्य समाजाच्या गळी उतरायला अजून काही पिढ्या जाव्या लागतील. माझ्या परीने मी सुरुवात केली होती. दर रविवारी अकरा वाजता मी आई-बाबांच्या घराची तपासणी करीत असे. आईने तशी विनंती केली नव्हती. (तपासणीची विनंती कुणीच करत नाही, म्हणून तर ती करावी लागते.)

माझी पात्रता वादातीत होती. माझ्या घरी सोफ्यावरच्या उशा एकाच कोनात उभ्या असत आणि नवरा टेकण्यापूर्वी विचारत असे. पाहुणे सोफ्याच्या कडेवर बसत आणि लवकर जात, त्यामुळे तो नऊ वर्षांनंतरही नवा होता. आईचे धोरण ढिले होते. ती दोन दिवस घर आवरी आणि तिसऱ्या दिवशी खिडकीशी पुस्तक वाचत बसे. "घरात माणसं राहतात, एवढं तरी दिसायला हवं गं," असे तिचे म्हणणे.

सहा वर्षांत दोनशे ऐंशी तपासण्या झाल्या. पहिला दोष सापडायला सरासरी साडेचार मिनिटे लागत. तिरका पडदा, टेबलावर चहाचा गोल डाग, एक चप्पल उताणी.

"आई, पडदा परत तिरका."

"असू दे. खिडकी सरळ आहे ना?"

दोष सुनावला की मी समाधानाने सोफ्यावर बसे, आणि मग आम्ही दोघी दुपारी दोनपर्यंत बोलत असू. (या संभाषणांची नोंद नाही. तपासणीशी त्यांचा संबंध नव्हता.)

शेवटच्या रविवारी मात्र गंभीर परिस्थिती उद्भवली. पडदा सरळ होता. डाग नव्हता. चपला जोडीने होत्या. एखादी नवखी हुरळून गेली असती. मी ओळखले, कुठेतरी पाणी मुरते आहे. मी स्टुलावर चढून कपाटाचा माथा पाहिला, फ्रिजमागे हात घातला. आई सोफ्यावर आडवी होऊन बघत होती.

"अगं, बस ना जरा."

"आलेच."

"काही हरवलंय का तुझं?"

"नाही, बघतेय."

"इन्स्पेक्टरबाई, चहा गार झाला."

एक तास दहा मिनिटांनी शेगडीखाली टाचणीच्या डोक्याएवढा गंज सापडला. "बरं झालं बाई, सापडला एकदाचा," आई म्हणाली. पण त्या दिवशी मला लवकर निघायचे होते. "पुढच्या रविवारी बसते," मी म्हटले.

मंगळवारी पहाटे आई झोपेतच गेली. पुढचा रविवार, नियमाप्रमाणे, आला.

येणारीजाणारी माणसे थांबल्यावर मी बाबांना म्हटले, "आई शेवटी सुधारली होती. त्या रविवारी पडदासुद्धा सरळ होता."

बाबा कप पुसत होते. "पडदा रोज सरळच असायचा. रविवारी पावणेअकराला ती ओढून तिरका करायची. म्हणायची, हिला लवकर काहीतरी सापडू दे, नाहीतर बाई बसायची नाही. डाग मी पाडायचो. तू गेलीस की पुसायचोही मीच."

"आणि त्या रविवारी?"

"अंग मोडून आलं होतं तिचं. सकाळपासून पडूनच होती. विसरलो दोघंही."

सबब, दोनशे ऐंशी तपासण्यांचे निष्कर्ष रद्द समजावेत.

सध्या बाबांच्या घरी दारातूनच अकरा दोष दिसतात, आणि सगळे अस्सल आहेत. मी ते मोजते (सवय एकदम सुटत नाही) आणि बसते. माझ्या घरच्या उशाही आडव्या झाल्या आहेत. नवऱ्याने दोन दिवस माझ्या तब्येतीची चौकशी केली, तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर झोपला. परवा तो तोंड उघडे टाकून घोरत होता, आणि काय सांगावे, मला घर आवरल्यासारखे वाटले.

हे वाचता वाचता ज्यांनी समोरच्या टेबलावर बोट फिरवून पाहिले, त्यांनी एवढेच आठवावे, की आपल्या घरी कुणी पाय पसरून शेवटचे केव्हा बसले होते. (आठवत नसेल, तर शोधत राहावे. एक तास दहा मिनिटे पुरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.)

माझ्या तपासणीच्या तक्त्यात चांगल्या गोष्टींसाठी रकाना नव्हता. तो मीच आखलेला, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? म्हणून काल बाबा आत भांडी लावत असताना मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटले. आतला भांड्यांचा आवाज थांबला, तरी वाक्य पुरे केले:

"आई, मला तुझ्याजवळ नुसतं बसायला फार आवडायचं गं."