हिवतापाने मेंदूगडास वेढा घातला त्याची हकीकत

देही नांदणारा जो धनी, त्याचे चरणी मस्तक ठेवून लिहिणे ऐसे जे, शके १७९४ अंगिरानाम संवत्सरी, भाद्रपदमासी देहराज्यावर हिवतापाची स्वारी आली आणि राज्य राहिले. ऐसे राज्य त्रिभुवनी दुसरे नाही, हे आधीच बजावितो. ज्यास पटेना त्याने खुशाल उठून जावे. धन्याचे तख्त मेंदूगडावर, आणि रक्ताचे रस्त्यांनी तांबडे पखालजी घरोघर प्राणवायू पोचवीत, आणि गनीम दिसताच फौज जमविणारे ते शिंगवाले. त्यांचे शिंग म्हणजे रक्तात सोडिलेला इशारा. तो पोचेल तेथील शिपाई उठून धावे. या शिंगवाल्यांचे नाईक रवळोजी. पडसे, गोवर, विषमज्वर त्यांनी शिंगाचे जोरावर हटविले, म्हणून छाती गजभर फुगवून चालत. आणि का चालू नये?

तोच डासाचे सोंडेतून हिवताप राज्यात शिरला आणि पखालजींचेच अंगरख्यात दडून बसला. रवळोजींनी शिंग फुंकिले. मग रिवाजाप्रमाणे रस्त्यांचे भिंतींतून आकडे बाहेर निघाले, की धावत्या शिपायाने आकडा धरून थांबावे आणि गनिमावर तुटून पडावे. परंतु गनीम महाबिलंदर. त्याने पखालजीचे वेषात तेच आकडे धरिले आणि गडाचे अरुंद बोळांत ठाण मांडिले, आणि बोळ तुंबले, आणि गडाचा प्राणवायू अडला. रवळोजींस वाटले, फौज कमी पडते. मग शिंग आणखी जोराने, मग आकडे आणखी, मग दाटी आणखी. आणि चेवास चढलेली आपलीच फौज गडाचा तट फोडू लागली, आणि तटातून पाणी आत झिरपू लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगावे कोणास? धनी आधी बरळू लागले, मग झटके आले, मग बोलणे बंद. नाकाशी सूत धरायची वेळ आली.

तेव्हा मेंदूगडाचा तट राखणाऱ्या गडकरीण म्हाळसाबाई स्वतः खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "नाईक, गनीम मारायला वैद्याने कोयनेल या कडू औषधाची कुमक धाडिली आहे, ती कापीत सुटली आहे. माझा तट तुमची माणसे पाडतात. शिंग थांबवा."

रवळोजी म्हणाले, "बाई, आमच्या घराण्यात लढाईत शिंग कोणी खाली ठेविले नाही. लोक म्हणतील, रवळोजी भ्याला."

"म्हणायला लोक उरले पाहिजेत ना," बाई म्हणाल्या. "तुमच्या पथकात निंबाजी आहे. चढली फौज निववायचे शिंग त्याच्याकडे. त्यास का बसवून ठेविले?"

निंबाजीस पथकात पेंगुळ्या म्हणत, आणि हे नाव त्यांनीच ठेविलेले. रवळोजींस लाज वाटली, आणि लाजेहून भय मोठे, की आवाज मंदावला आणि कोयनेल अपुरे पडले, तर राज्य आपल्याच हाताने बुडेल. तोंडाचे शिंग सुटेना. इतक्यात गडावरून वर्दी आली की धन्याचा श्वास तुटक जाहला. मग रवळोजींनी शिंग खाली ठेविले आणि निंबाजीपुढे जाऊन म्हणाले, "निंबा, बाबा, माझे चुकले. आता तू वाजीव."

निंबाजीने मऊ सुराने शिंग धरिले, आणि फौजेचा चेव उतरला, आणि आकडे हळूहळू भिंतीत गेले, आणि बोळ मोकळे होऊ लागले, आणि कोयनेलाने उरला गनीम कापिला. पहाटे धन्याने डोळे उघडिले आणि पाणी मागितले. डावा हात मात्र पुढे कधी उचलला नाही. त्या हातास हुकूम देणारी गडाची आळी ओस पडली ती पडलीच, आणि त्याचे दुःख रवळोजींस जन्मभर राहिले.

मग दरबार भरला, आणि गड कोणी राखिला ऐसे धन्याने पुसिले. रवळोजी कधी कोणाचे खाली बसले नव्हते. त्यांनी निंबाजीचा हात धरून त्यास आपले जागी बसविले, आणि आपण मागे उभे राहिले.

तात्पर्य इतकेच, की गनीम मारणारे शूर सर्व राज्यांत आहेत. वाजते शिंग आपल्या हाताने खाली ठेविणारा एकच जाहला, आणि तो आमचा.