जूनमध्ये बघू

९ मे. अंगणात खाटेवर जुनं लुगडं अंथरून तांदळाचे पापड वाळत घालत होते आणि डाव्या हातातल्या काठीने कोंबड्या हाकत होते. दहा वाजत आले तरी भाऊजी बाहेर पडले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज नऊ तारीख आहे.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. एकाच घराचे दोन भाग, मधे भिंत, अंगण आणि परसू सामाईक. गेली नऊ वर्षं दर महिन्याच्या नऊ तारखेला हा माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सापगावहून शहापूरला चालत जात आला. एरवी त्यांना बगलेत भोक पडलेला बनियन चालतो. लग्नालाही ते बिनइस्त्रीचे जातात. इस्त्री फक्त पतसंस्थेसाठी.

त्या पतसंस्थेत त्यांचं बोनस बचत खातं. त्याची अट अशी की दर महिन्याला दहा तारखेच्या आत काहीतरी भरायचं आणि वर्षभर एक रुपयाही काढायचा नाही. बारा महिने हे पाळलं की व्याज जवळजवळ दुप्पट. मधे एकदा जरी हात घातला, तर सगळ्या वर्षाचा बोनस गेला. वर्ष भरलं की एक महिना मोकळा, हवे तेवढे काढा. भाऊजींनी खातं मेअखेरीस उघडलेलं, म्हणून त्यांचा मोकळा महिना जून.

दहा तारखेच्या आत, तर मग नऊलाच का? मी एकदा विचारलं होतं.

"दहाला यांचं नेट गेलं तर कोनाला धरायचं, मंगल?"

एकदा नऊलाच नेट गेलं. भाऊजी पतसंस्थेच्या पायरीवर बसून राहिले. संध्याकाळी शटर ओढताना शिपाई म्हणाला, "काका, उद्याचा दिवस हाय अजून." तर म्हणाले, "हाय ना. मंग कागदावर लिवून दे." त्याने लिहून दिलं नाही. दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आत हे पायरीवर हजर, शर्ट तोच, रात्री पुन्हा इस्त्री केलेला.

वर्षाचे अकरा महिने भाऊजींना कोणी काहीही सांगितलं की एकच उत्तर, "अट मोडंल. जूनमध्ये बघू." चप्पल तुटली, तारेने बांधली, जूनमध्ये बघू. एका साली एप्रिलमध्ये दाढ ठणकायला लागली. गाल एवढा सुजला की एक डोळा मिटला, लवंग धरून दोन महिने काढले. दातांचा डॉक्टर म्हणाला, "काका, तुमचे दात बरे जूनमध्ये किडतात."

माझ्या मुलीचं लग्न एप्रिलमध्ये होतं. मांडवात भाऊजींनी पाकीट दिलं. रात्री आम्ही आहेर लिहायला बसलो, पाकीट उघडलं तर आत नोट नाही, चिठ्ठी. 'आहेर पाचशे एक, जून.' वहीत काय लिहायचं यावर अर्धा तास वाद. शेवटी तसंच लिहिलं. जूनच्या एक तारखेला सकाळी सातला दारात उभे. पाचशे एक रुपये दिले आणि वर एक नारळ.

"नारळ कशाला भाऊजी?"

"दोन महिन्याचं व्याज."

गाव हसायचं. भाऊजींना त्याचं काही नव्हतं. भातसानगरला धरणावर बत्तीस वर्षं नोकरी झालेली. रोज सकाळी भिंतीवरच्या पट्टीशी जायचं, पाणी किती ते बघायचं, वहीत लिहायचं, फोनवर सांगायचं. एवढं पाणी रोज डोळ्यांसमोर आणि आमच्या आळीला एप्रिल लागला की टँकरची वाट बघायची. ते स्वतःच म्हणायचे, "बत्तीस वर्सं मी पानी नुसतं बगितलं. बगायची सवय लागली का तहान लागत नाय." पासबुकही ते तसंच बघायचे. उजेडात धरून, बोट आकड्याखाली ठेवून, पाणी किती चढलं ते बघावं तसं.

आता हसणं थांबवून खरं सांगते. हा माणूस कंजूष नव्हता. उलट होता. निवृत्तीचे पैसे एकदम हातात आले तेव्हा आठ महिन्यांत अर्धे गेले, आणि स्वतःवर एक पैसा नाही. कोणाची बोअरिंग, कोणाच्या पोराचं कॉलेज. कोणी ओटीवर येऊन बसलं, चहा प्यायलं आणि अडचण सांगितली की भाऊजी उठून कपाटाकडे जायचे. त्यांना नाही म्हणताच यायचं नाही. पहिला मागता हात आमच्या घरातून गेला होता. माझ्या नवऱ्याला टेम्पो घ्यायचा होता.

मग कुठून तरी त्यांना या खात्याचा कागद मिळाला. पहिल्यांदाच असं काही सापडलं जे त्यांच्या वतीने नाही म्हणेल. त्यानंतर कोणी ओटीवर आलं की भाऊजी चहा द्यायचे, आणि पासबुकच्या मागे छापलेल्या अटीवर बोट ठेवून म्हणायचे, "मी देतो रे. पन हे देत नाय." माणूस चहा पिऊन जायचा. भाऊजींच्या तोंडावर असं समाधान असायचं की जणू कोणी त्यांच्या पाठीवरचं ओझं उतरवून घेतलंय.

या सगळ्यात माझी जाऊ होती. तिला आम्ही अक्का म्हणायचो. मूलबाळ नाही. बुटकी, गोल, बोलायला तिखट. पन्नाशी ओलांडली आणि तिचे गुडघे गेले. आमचं संडास-बाथरूम परसात, घरापासून वीस पावलं, मधे तीन उंच पायऱ्या. पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. अक्काने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. घरात, स्वयंपाकघराला लागून, एक संडास. खुर्चीसारखा बसायचा. आणि धरायला दांडी.

भाऊजी म्हणाले, "जूनमध्ये बघू."

आणि आमच्याकडे जूनमध्ये काय होतं ते कोणालाही विचारा. पहिला पाऊस पडला की गवंडी शेतात, बिगारी शेतात. भाताच्या रोपांचा राब पेरायचा, मग लावणी. भाऊजी गवंड्याकडे गेले की तो चिखलातनं ओरडून सांगायचा, "काका, लावणी उरकू द्या." लावणी उरकेपर्यंत जुलै संपलेला, मोकळा महिना गेलेला. अक्का म्हणायची, "मे मध्ये खातं काय म्हनून उगडलंव? दिवालीला उगडलं असतं तर माजा संडास झाला असता."

मी एकदा त्यांना सरळ म्हटलं, "भाऊजी, जूनमध्ये पैसे काढून घरात ठेवा. दिवाळीनंतर गवंडी मोकळा होईल तेव्हा द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "घरात ठेवलं का कोन ना कोन येतो, गो."

तरी एका साली ठेवले. तांदळाच्या डब्यात, अक्काच्या देखरेखीखाली. ऑगस्टमध्ये टेम्पोचे दोन टायर फुटले आणि माझा नवरा पलीकडे ओटीवर जाऊन बसला. मी भिंतीच्या अलीकडे भाकऱ्या भाजत होते. डब्याचं झाकण उघडल्याचं मला ऐकू आलं. ते पैसे कशाचे आहेत हे मला माहीत होतं. मी गप्प बसले, कारण टेम्पो उभा राहिला असता तर आमची चूल थंड झाली असती. संध्याकाळी अक्का परसातून वर येताना माझ्या दाराशी थांबली. "टायर चांगले घ्या गो," म्हणाली. "माजा संडास हाय तो."

गेल्या गणपतीत, विसर्जन झालं त्या संध्याकाळी, ती दुसऱ्या पायरीवरून घसरली. कमरेचं हाड मोडलं. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, पैसे लागले नाहीत. तो कागद हातात आला तेव्हा भाऊजी तिच्या खाटेशी उभे होते, मी उशाला होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अट वाचली."

मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्यांनाही कळलं होतं, पण बोललेलं परत घेता येत नाही. अक्काने डोळे उघडले. "वाचली ना?" म्हणाली. "मंग झालं."

घरी आणली ती पुन्हा उभी राहिली नाही. अंथरुणात सगळं. तिचं मी करत होते आणि भाऊजी करत होते. हे मी सांगितलं पाहिजे, भाऊजींनी कधी नाक वाकडं केलं नाही. डिसेंबरात ती गेली.

तेरावं झालं. जानेवारीत एक दिवस भाऊजी माझ्या दारात आले, अंगात इस्त्रीचा शर्ट. नऊ तारीख नव्हती. म्हणाले, "मंगल, येतीस का शहापूरला?" मी पदर खोचून निघाले. पतसंस्थेत त्यांनी पैसे काढायची स्लिप मागितली. खिडकीतली मुलगी त्यांना ओळखत होती. म्हणाली, "काका, चार-पाच महिनेच राहिलेत. वर्षाचा बोनस जाईल."

"जाऊं दे."

स्लिप भरून दिली. मुलीने बघितली आणि परत सरकवली. तारखेत त्यांनी जून लिहिला होता. नऊ वर्षांत त्या कागदावर दुसरा महिना त्यांनी लिहिलाच नव्हता. मी पेन घेतलं आणि दुरुस्त केलं. त्यांनी शेजारी सही केली. बाहेर आल्यावर शेअर रिक्षात बसले. मी कधी त्यांना रिक्षात बसलेलं बघितलं नव्हतं.

जानेवारीत गवंडी मोकळाच असतो. बावीस दिवसांत संडास झाला. स्वयंपाकघराला लागून, दार आतून, हिरव्या फरश्या, बसायचं भांडं, भिंतीला स्टीलची दांडी. गावात लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याला म्हातारपणी मौज सुचली. मीही मनात म्हटलं, आता सुचलं. पण भाऊजी स्वतः परसातच जातात. त्याच तीन पायऱ्या उतरून. आतल्या दाराला कुलूप.

आणि रोज दहाच्या सुमारास ते कुलूप काढतात, एक बादली पाणी आत नेतात, भांड्यात ओततात, पुन्हा कुलूप लावतात. मे महिन्यात. टँकर दोन दिवसांनी येतो, हंड्यावरून बायका एकमेकींचे केस उपटतात आणि हा माणूस बादलीभर पाणी कोणी न वापरलेल्या संडासात ओततो.

तर आज नऊ तारीख. भाऊजी बाहेर आले ते बनियनवर, हातात बादली. माझ्या पिंपात तळाला दोन तांबे उरलेले. मी काठी खाली टाकली.

"भाऊजी, आज शहापूरला नाही जायचं?"

"कशाला?"

"नऊ तारीख आहे."

"अट मोडली ना जानेवारीत. तीन महिने नुसता सवयीनं गेलो. आता कशाला?"

"मग हे पाणी तरी वाया घालवू नका. तुम्ही धरणावरची माणसं. कोण जातं आत?"

ते थांबले. बादली खाली ठेवली.

"नाय ओतलं तर भांड्यातलं पानी सुकतं. मंग वास मारतो. गवंड्यानी सांगितलंय, वापरात पायजे."

"मग वापरा ना."

"माज्यासाठी नाय बांधला."

मी पापड उलटायला लागले. ते तिथेच उभे. म्हणाले, "तुजा उजवा गुडगा वाजतो. काल पायरीवर भिंत धरून चढलीस."

"वय झालं."

त्यांनी बनियनच्या आत हात घालून गळ्यातल्या दोऱ्यातली चावी काढली आणि खाटेच्या कडेला, पापडांपासून जरा लांब ठेवली.

"तू जात जा. येत्या पावसाच्या आत सुरू कर."

टायरची गोष्ट माझ्या ओठांवर आली. अक्का पडल्यापासून मी ती बोलले नव्हते, त्याआधीही नव्हते. "भाऊजी, त्या साली डब्यातले पैसे..." एवढंच म्हटलं.

"ते मी दिलं," भाऊजी म्हणाले. "तुमी मागितलं, पन दिलं मी." बादली उचलली आणि आत गेले. ओतल्याचा आवाज आला.

चावी दिवसभर खाटेवरच होती. पापड गोळा करताना लुगड्यात गुंडाळून घरात आणली.

१० मे. पहाटे टँकर आला. चार हंडे भरले आणि एक बादली जास्त भरली. भाऊजी अजून उठले नव्हते. मी त्यांच्या स्वयंपाकघरातून गेले, कुलूप काढलं, आत बसले. उठताना दांडीला हात घातला तर ती खाली लागली, वाकावं लागलं. माझ्या मापाची नव्हती. अक्का माझ्यापेक्षा वीतभर बुटकी होती. वाकून धरली आणि उठले. बादली ओतली, रिकामी करून दाराशी उपडी ठेवली. कुलूप लावलं नाही. नुसती कडी घातली आणि भाकऱ्या थापायला घरी आले. भाऊजींच्या दोन धरून सहा.