दोन बोटांचा इशारा

फुकटचं जेवण म्हटलं की माझा घास ताटात पडायच्या आधीच घशात अडकतो. तरी त्या दिवशी नदीमनं फोन करून आज माझ्याकडून जेवण म्हटलं, अन् मी बरं म्हणून बसलो. माझा गुन्हा एवढाच.

नदीम माझा हसनाबादचा, शाळेपासूनचा दोस्त. आता जालन्यात त्याचं बियाण्याचं दुकान आहे. आजवर या माणसानं मला चहा पाजला तो बशीतला, कप स्वतःकडं ठेवून. असा माणूस एकाएकी हॉटेलात नेतो म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. अन् मला आठवलं. अंबडच्या ज्या कचेरीत मी कारकून आहे, तिथं नदीमच्या प्लॉटचा अर्ज पडून होता. गेल्याच आठवड्यात पेपरात आल्तं, कुठल्याशा कारकुनाला लाच घेताना जेवणाच्या टेबलावर सापळ्यात धरलं. (फोटोत त्याच्या तोंडात घास तसाच होता.) अन् धरून दिलं कोणी? दोस्तानंच.

निघताना बायकोनं, म्हणजे बेबीनंदानं, दारात अडवलं. आमच्या तृप्तीला बदनापूरचं स्थळ आलेलं. पोरीला पोरगा पसंत, पोराला पोरगी पसंत, फक्त त्यांच्याकडच्या वडीलधाऱ्यांचा शब्द यायचा राहिलेला. बेबीनंदा म्हणाली, "ते लोक गुपचूप चौकशी करून राह्यलेत. चार माणसांत नीट वागा. तुमच्यापायी पोरीचं मोडलं तर याद राखा."

मी हो म्हणालो. बदनापूरचे लोक बदनापुरात, मी जालन्यात. (केवढी ही अक्कल!)

हॉटेल आमच्याच गल्लीच्या टोकाला. मालक ख्वाजामियाँ. ते हाँगकाँगला एका कँटोनीज, म्हणजे दक्षिण चिनी पद्धतीच्या, हॉटेलात भांडी घासता घासता आचारी झाले, अन् परत येऊन इथं तसंच हॉटेल टाकलं. बाहेर लाल कंदील, आत सगळं वाफेवर उकडलेलं. आमच्या गल्लीला चायनीज म्हणजे लालभडक शेजवान ठाऊक. इथं तिखट मागितलं की ख्वाजामियाँ घरातलं कुणी गेल्यासारखं तोंड करतात. आमच्यापुढं अख्खा मासा आला, डोक्यासकट, अन् तोही माझ्याकडं संशयानं बघत होता.

त्याहून संशयानं बघत होता शेजारच्या टेबलावरचा म्हातारा. पांढरी टोपी, एकटाच, पुढ्यात भाताची पेज. आता हॉटेलात येऊन पेज कोण खातं? आजारी माणूस, न्हाईतर पाळतीवरचा. अन् म्हातारा चांगला ठणठणीत दिसत होता.

तेवढ्यात नदीमनं, आख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात, मुलाखत सुरू केली. नोकरीत कधी डाग लागला का? दारू-बिरू? घरात भांडणं? मग एकदम म्हणतो, "रामकिसन, खरं सांग, कधी कोणाकडून काही घेतलं का?"

याच्या शर्टाच्या खिशात मोबाइल होता. रेकॉर्डिंग चालू असणार, दुसरं काय? मी खिशाकडं वाकून, एक एक शब्द तोडून बोललो, "मी, रामकिसन, कुणाचा चहासुद्धा पीत न्हाई."

नेमके तेव्हाच ख्वाजामियाँ किटली घेऊन आले अन् नदीमच्या कपात चहा ओतला. नदीमनं न बोलता टेबलावर दोन बोटं आपटली. टकटक. मग ख्वाजामियाँ म्हाताऱ्याच्या टेबलाकडं गेले. चहा ओतला. म्हाताऱ्यानंही दोन बोटं आपटली. टकटक.

झालं! इशारा गेला, इशारा पोचला. ख्वाजामियाँसुद्धा सामील.

एवढ्यात माझ्यापुढं कोमट पाण्याची वाटी आली, वर लिंबाची फोड. आता सापळ्यात काय करतात हे सरकारी नोकराला शिकवावं लागत न्हाई. नोटांना पावडर लावलेली असते, मग हात पाण्यात बुडवायला लावतात, अन् पाण्याचा रंग बदलला की माणूस गेला. मी हात पाठीमागं घेतले. नदीम म्हणाला, हात धू. मी म्हणालो, बिलकुल धुणार न्हाई. तो म्हणाला, अरे, माशाचा रस्सा कोपरापर्यंत आलाय. मी म्हणालो, येऊ दे.

तेवढ्यात म्हातारा उठला, सरळ आमच्या टेबलाशी आला अन् कोटाच्या खिशात हात घातला. माझा धीर सुटला. खुर्ची उलटी पाडून, दोन्ही हात वर करून मी ओरडलो, "मी काही घेतलं न्हाई! जे काय असंल ते ह्या नदीमचं. माझे हात बघा, धुतलेसुद्धा न्हाईत!"

म्हाताऱ्यानं माझे हात बघितले. रस्सा कोपरावरून खाली टपकत होता. त्यानं खिशातून सुपारी अन् अडकित्ता काढला.

"नमस्कार," तो म्हणाला. "मी तातेराव. बदनापूर. मुलाचा मामा."

नदीमनं कपाळाला हात लावला. मग सगळं कळलं. तातेराव त्याचं गिऱ्हाईक, अन् त्यांचा नेम असा की मुलीचा बाप त्याच्या नकळत, जेवताना बघायचा. टकटक म्हणजे चहा ओतणाऱ्याचे आभार, कँटोनीज रीत. ख्वाजामियाँ प्रत्येक गिऱ्हाइकाला ती शिकवतात. मी अर्जाचं विचारलं तर नदीम भडकला. "अबे, तू आवक-जावकला. तुझं काम शिक्का मारायचं. शिक्क्यासाठी तुला लाच कोण देणार?"

घरी गेलो. तृप्ती दारातच उभी होती, काय झालं विचारायला. मला तिच्या तोंडाकडं बघवेना. माझ्या वेडेपणानं पोरीचं सुख घालवलं, असं वाटून मी तसाच अंथरुणात शिरलो. (हात तेव्हाही धुतले नव्हते. बेबीनंदानं उठवून धुवायला लावले.)

दुसऱ्या दिवशी तातेरावांचा फोन आला, तोही बेबीनंदाला. स्थळ पक्कं! म्हणाले, "बाप स्वतःच्या सावलीला भितो. म्हणजे इतकी वर्षं तुमचं घर बाईनंच चालवलं असणार. अशा बाईच्या हाताखालची पोरगी आम्हाला पायजे."

पुढं बोलणी करायला आमच्या घरी मंडळी आली तेव्हा बैठकीत बेबीनंदा बसली. माझ्याकडं फक्त चहा नेऊन द्यायचं काम. तातेरावांच्या कपात चहा ओतला अन् त्यांनी, मिशीत हसत, टेबलावर दोन बोटं आपटली.

माझे दोन्ही हात वर गेले. किटलीसकट.