पापाशिवाय कोंबडा स्वीकारला जाणार नाही

दोन वर्षांमागे, उपकारस्तुतीच्या रविवारी, म्हणजे पीक घरात आल्यावर देवाचे आभार मानायच्या दिवशी, आमच्या चर्चमध्ये पुढीलप्रमाणे अर्पण जमा झालं : धान नऊ पोती, लाखोळीची डाळ दीड पायली, भोपळे एकवीस, बकरी एक, कोंबडे चार, मोहफुलं एक टोपलं, आणि आणखी एक पोतं, ज्यात काय होतं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. हे सगळं वेदीसमोर एकाच ढिगात पडलं होतं. भोपळ्यावर कोंबडा बसला होता. पाळकसाहेबांनी डोळे मिटून सगळ्यावर मिळून एकच प्रार्थना केली, लोक आमेन म्हणाले आणि घरी गेले.

तुम्हाला यात काही वावगं वाटलं नसेल. मला वाटलं. आलापल्लीकडच्या एका लाकूड डेपोत मी एकतीस वर्षं कारकून होतो. तिथे सागाचं लाकूडसुद्धा आपण कोण, कुठलं आणि कितव्या दर्जाचं, हे कागदावर सिद्ध केल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही. लांबी, गोलाई, थप्पीचा क्रमांक, हातोड्याचा शिक्का. आणि इथे प्रत्यक्ष देवासमोर भोपळा नुसताच बसलेला! ना नंबर, ना पावती. मला रात्रभर झोप लागली नाही.

पुढच्याच महिन्यात पाळकसाहेबांनी बायबलातल्या लेवीय पुस्तकावर प्रवचन दिलं. जुन्या काळी इस्राएल लोकांत अर्पणांचे पाच प्रकार होते : होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. कशाला कोणतं जनावर, कोणता भाग जाळायचा, कोणता याजकानं खायचा, सगळं बारीकसारीक लिहिलेलं. माझे डोळे भरून आले. इतका व्यवस्थित कारभार मी आमच्या खात्यातही पाहिला नव्हता. प्रवचनाचा शेवट मात्र मी ऐकला नाही, कारण मागच्या बाकावर बसून मी रकाने आखत होतो. शेवट म्हणे असा होता, की आता ते सगळं संपलं, आता मनापासून द्या म्हणजे झालं. पण 'मनापासून' याला रकाना पाडता येत नाही.

महिनाभरात अर्पण वर्गीकरण समिती स्थापन झाली. अध्यक्ष मंगरू मास्तर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सदस्य गिरजाबाई, महिला मंडळातर्फे. सचिव मी. पाच प्रकारांची पाच रजिस्टरं, पाच रंगांचे अर्ज आणि एक शिक्का तयार झाला. पुढच्या उपकारस्तुतीला आम्ही दारातच टेबल टाकलं. मंडळीतल्या जंगूनं जंगलातून मध आणला होता, तो परत पाठवला, कारण अन्नार्पणात मध वर्ज्य आहे. उलट मीठ सक्तीचं आहे, म्हणून बारा पोती धानात मीठ कालवून घेतलं. तो भात पुढे कुणाला खाता आला नाही, पण शास्त्राप्रमाणे तो अचूक होता.

रांगेत अठरावी होती सुकरीबाई. सोळा किलोमीटर आतल्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, एसटीनं आली होती. काखेत लाल कोंबडा, मागे सून दीपाली, दीपालीच्या कडेवर तीन महिन्यांची पोर.

"अर्पणाचा प्रकार?" मी विचारलं.

"कोंबडा आहे जी."

"तो प्राणी झाला, बाई. प्रकार सांगा."

"लाल," ती म्हणाली.

मी अर्ज बाजूला ठेवला. हकिकत विचारली तेव्हा कळलं, की ऑगस्टमध्ये दीपालीला कळा सुरू झाल्या आणि नाल्याला पूर होता. बाजेवर टाकून चौघांनी तिला पाण्यातून पार नेलं. सुकरीबाई काठावर उभी राहून बोलली होती, देवा, दोनी जीव घरी येऊ दे, माहा कोंबडा तुह्या घरी आणून देतो. दोघी आल्या. "मंग बोलली तं द्या लागते ना, भाऊ? कोंबडा देल्ल्याबिगर मी पोरीचं नाव नाई ठेवून राह्यली. पाळकसाहेबानं प्रार्थना केली, का नाव ठेवतो. मोनाली ठेवाचं आहे."

"म्हणजे हे उपकाराचं झालं," मी म्हणालो. "शांत्यर्पण. हिरवा अर्ज. पण शांत्यर्पणात पक्षी बसत नाही. गाय, मेंढी किंवा बकरी."

"बकरी कुठी आहे मायापाशी?"

"मग उपकार मानता येणार नाहीत."

मी काही दगड नाही. मी पुस्तक उलटंपालटं केलं. पक्षी दोनच ठिकाणी चालतो, होमार्पणात आणि पापार्पणात. तिथेही फक्त होला किंवा पारवा. कोंबड्याचा उल्लेखच नाही. पण गरीब बाई, लांबून आलेली, म्हणून माझ्या अधिकारात मी नोंद केली : 'पारवा (मोठा)'. होमार्पणात अडचण अशी, की सगळा पक्षी वेदीवर जाळून राख करावा लागतो, कुणाला काही मिळत नाही. "सगळाच जाळाचा?" गिरजाबाई ओरडल्या. "अन् आपल्याले काईच नाई?" ठराव तीन विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला गेला.

उरलं पापार्पण. मी लाल अर्ज काढला. "बाई, तुमचं पाप सांगा."

"माहं पाप? काऊन?"

"पापाशिवाय कोंबडा स्वीकारला जाणार नाही."

सुकरीबाईनं बराच वेळ विचार केला. दीपालीला विचारलं. दीपालीनंही विचार केला. दोघींना काही सापडेना. मी त्यांना पुढची तारीख दिली, आणि पाप शोधेपर्यंत जनावर निर्दोष असल्याचा दाखला आणून ठेवा, असं सुचवलं. कोंबडा सुपूर्तनाम्यावर तिच्याच ताब्यात दिला. दर रविवारी पडताळणीसाठी हजर करणं बंधनकारक.

दाखल्याचा अर्ज मी बकरीसाठी तयार केला होता, त्यात 'दातांची संख्या' असा रकाना होता. गुरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, की कोंबड्याचे दात तपासण्याबाबत वरून कोणतेही निर्देश नाहीत. मग आम्ही सुकरीबाईला जाफरभाईंकडे पाठवलं. बाजारात त्यांचं चिकनचं दुकान आहे, आणि कोंबड्याच्या बाबतीत पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान आहे. ते स्वतः अर्ज घेऊन आले.

"सुनीलभाऊ, आमच्या कुर्बानीतबी जनावर बेऐबच लागते," ते म्हणाले. "पर दात बकऱ्याचे पाहतेत, यार. कोंबड्याले कुठी दात रायतेत?"

"रकाना रिकामा ठेवता येणार नाही, जाफरभाई."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि लिहिलं : निरंक. कागद मंगरू मास्तरांकडे गेला. मास्तरांनी शेरा मारला, की ज्याला एकही दात उरलेला नाही ते जनावर अतिवृद्ध समजावं, सबब सदोष. फाईल परत. पुन्हा दाखला, पुन्हा शेरा. यात पौष गेला, माघ गेला, फाल्गुन गेला. दर रविवारी सुकरीबाई कोंबडा घेऊन यायची. एसटीचा कंडक्टर कोंबड्याला ओळखू लागला. तोवर नातीला दोन दात आले. कोंबड्याला आले नाहीत.

सगळे त्या पोरीला 'ए पोरी' म्हणत. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण वाईट वाटणं वेगळं आणि छाननी वेगळी.

अखेर एप्रिलमध्ये सुकरीबाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. चेहरा लाल, कोंबडा त्याहून लाल.

"पाप झालं," ती म्हणाली. "लिहा."

"शाब्बास! काय?"

"येतानी एसटीत तुले शिव्या देल्ल्या. मनातल्या मनात."

मी आनंदानं पेन उचललं, आणि साक्षीदारांच्या रकान्यापाशी घोडं अडलं. "मनातल्या मनात चालणार नाही, बाई. किमान दोन साक्षीदार लागतात."

सुकरीबाईनं कोंबडा दीपालीच्या हातात दिला, पदर खोचला, आणि समिती, पुन्हा दाखला घेऊन आलेले जाफरभाई आणि दाराजवळच्या दोन बाकांवरची मंडळी यांच्या समक्ष म्हणाली, "मेल्या कागदखाऊ, तुह्या पाची रजिस्टरले वाळवी लागो! तुह्या शिक्क्याची शाई वाळो! वरती गेला का दारावरचा तुले म्हणो, प्रकार सांग!"

शिक्क्याबद्दलचं ऐकून मला लागलं. तरीही मी वेळ, ठिकाण आणि शब्द नोंदवले. पाप सुवाच्य होतं. सात साक्षीदारांनी सह्या केल्या. जाफरभाईंनी जरा जास्तच उत्साहानं केली.

आता झालंच होतं. पण आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तसे आमचे मंगरू मास्तर. ते म्हणाले, "सचिवसाहेब, शिवी तुम्हाला दिली. म्हणजे गुन्हा माणसाविरुद्ध. हे पापार्पण नाही, दोषार्पण आहे. त्याला मेंढा लागतो, आणि नुकसानभरपाई अधिक एक पंचमांश."

मास्तरांचं बरोबर होतं. मेंढा आमच्या बाजूला कुणी पाळत नाही. मिळालाच तर कोरपन्याकडे, म्हणजे जिल्हा बदलला, म्हणजे वाहतूक परवाना आला. मी निळा अर्ज काढला आणि सुकरीबाईपुढे सरकवला.

तिनं तो घेतला नाही. कोंबडा परत काखेत घेतला आणि आत जाऊन बाकावर बसली. उपासना सुरू झाली. दुसऱ्या गीताला नेहमीप्रमाणे अर्पणाची मखमली थैली फिरू लागली. लोक मूठ मिटून हात आत घालत होते आणि रिकामा बाहेर काढत होते. थैली सुकरीबाईपाशी आली तेव्हा ती उभी राहिली.

"पाळकसाहेब, माह्या कोंबड्याचे सहा महिने दात पाह्यले," ती म्हणाली. "या थैलीतल्याचं कोन पाह्यते?"

गीत मधेच थांबलं. पेटी तेवढी अर्धी ओळ पुढे गेली.

मी मागून धावत आलो. मला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल, छे! मला भरून आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी नियमाचं मर्म कळलं होतं. "बरोबर आहे!" मी म्हणालो. "नियम सर्वांना सारखा. निर्दोष तेच अर्पण!" पाळकसाहेब, जे इतके दिवस माझ्यापुढे तोंड उघडत नव्हते, त्यांनी थैली वेदीसमोरच्या टेबलावर उलटी केली.

मी एकेक नोट उचलून मोठ्यानं वाचत गेलो. दहाची, मधोमध फाटकी. दहाची, चिकटपट्टी दोन ठिकाणी. वीसची, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. पन्नासची, वर शाईनं 'पिंकी माझी' असं लिहिलेली. बंद झालेली चार आण्यांची नाणी तीन. लहान मुलांच्या खेळण्यातली शंभरची नोट एक. शर्टाचं बटण एक. मंडळी छताकडे बघत होती. एका नोटेला डेपोच्या खाकी कागदाची पट्टी चिकटवलेली होती. ती कुणाची, हे नोंदवायचं राहून गेलं.

"निर्दोष नोटा?" जाफरभाईंनी दारातून विचारलं.

"निरंक," मी म्हणालो.

"म्हंजे यायलेबी दात नाई."

त्यावर मंगरू मास्तरांना अचानक त्या जुन्या प्रवचनाचा शेवट आठवला. देव बाहेरचं बघत नाही, देव अंतःकरण बघतो, असं ते गहिवरून म्हणाले. गिरजाबाईंनी अनुमोदन दिलं. सहा महिन्यांत एका कोंबड्याचा निकाल न लावू शकलेली समिती चार मिनिटांत एकमतानं बरखास्त झाली, आणि सगळ्या नोटा अंतःकरणासह परत थैलीत गेल्या.

पाळकसाहेबांनी कोंबडा दोन्ही हातांनी घेतला. कुठल्याही अर्जाविना. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तिचं नाव घेतलं, मोनाली. सुकरीबाई इतकी रडली, की दीपाली तिला हसत हसत सावरत होती. कोंबडा पाळकसाहेबांच्या हातात मोठ्यानं आरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी अनियमितता मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही.

तुम्ही हसताय. हसा. कोंबड्याचे दात मोजत होतो, तेव्हा ती मंडळीही बाकावर बसून अशीच हसत होती. पण आता जरा पाकीट काढा. मागचा कप्पा. तिथे ती एक नोट आहे ना, भाजीवाली घेत नाही, कंडक्टर परत देतो, आणि फेकून द्यायला तुमचं मन होत नाही? तुमचं देऊळ असो, दर्गा असो की चर्च, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. ती नोट कुणासाठी राखून ठेवली आहे, तेवढं सांगा. बाकीचे रकाने मी भरतो.