अप्पांचं पेरभर गाव

आमच्या शेजारचे रंगनाथअप्पा तुमच्या घरी आले, तर टूथपेस्ट लपवून ठेवा. पेस्टशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांच्या तोंडात त्यांनी स्वतःच्या हातानं बनवलेली कवळी आहे. त्यांना हवं असतं ते टोपण. पेस्ट संपलीय की नाही, हे पाहण्याइतका धीर त्यांच्यात नाही.

"सर, बादली हाय ती," ते मला समजावतात. "तुमाला टोपन दिसतंय, त्याला मी काय करू?"

अप्पांनी जामखेडात उभी हयात दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या. निम्मा तालुका अप्पांच्या दातांनी भाकरी खातो. आता कवळ्या सोडून ते गाव बनवतात. त्याचं झालं असं, की त्यांचा मुलगा मंगेश पुण्यात इंजिनियर आहे. चांगला पस्तिशीचा माणूस, पण सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर टेबलावर लढाया खेळतो. बोटाच्या पेराएवढे सैनिक, फासे टाकायचे आणि फूटपट्टीनं मोजून फौज पुढे सरकवायची. आता लढाई म्हटली की घरं-भिंती लागणारच. एकदा त्यानं सहज विचारलं, "अप्पा, दोन-चार घरं करून द्याल का?" झालं! कवळ्यांचं गुलाबी मेण, प्लास्टर, कोरायची हत्यारं घरात पडूनच होती. पहिलं घर अगदी हिरड्यांच्या रंगाचं निघालं.

मापासाठी मंगेशनं एक सैनिक दिला होता. अप्पांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं. हा हवालदार कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो. लग्नाच्या पंगतीत त्याला द्रोणाशेजारी उभा करून "ह्यो हौद व्हईल" असं पुटपुटताना मी त्यांना पाहिलंय. एकदा तर आम्ही दोघं एका घरी दुखवट्याला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि अप्पांची नजर कोपऱ्यातल्या केरसुणीवर. बाहेर पडल्यावर त्यांनी खिशातून काड्या काढून दाखवल्या. मी म्हटलं, अप्पा, काही लाज?

"चारच घेतल्या. त्यांचं दुःख काय कमी-जास्त झालं का?"

मंगेशला हवी होती घरं. अप्पांनी घरांपेक्षा पसारा जास्त केला. काड्यापेटीच्या काड्या आणि शिवणाचा दोरा यांच्या झोपायच्या बाजा. गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाची घमेली. पुठ्ठ्याच्या पोटातल्या नागमोडी कागदाचे पत्रे. दारात चपला, त्यातली एक तुटकी. चुलीवर भाकरी. मंगेश वैतागायचा.

"अप्पा, रणगाडा वळवायला जागा नाही. मध्ये कोंबड्यांचं डालगं आहे."

"मंग हॉर्न वाजव म्हनावं."

एवढं असूनही गाव कधी पुरं होत नसे. दर खेपेला काहीतरी राहायचं. मला वाटायचं, वय झालं, हात चालत नसेल. मग एके दिवशी त्यांनी माझ्यादेखत तयार विहीर पिठाच्या डब्यामागे लपवली आणि फोनवर सांगितलं, "इहीर ऱ्हायली रे. पुढल्या रविवारी ये."

"अप्पा, पाप लागतं," मी म्हणालो.

"आधी इहिरीला पानी लागू द्या."

अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मंगेश तसा आठवड्याला फोन करतो, पण जामखेडला येतो तो गाव न्यायला. हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं.

आणि गेल्या महिन्यात मंगेशचा फोन आला. रविवारपर्यंत उद्ध्वस्त गाव हवं. भिंती पाडलेल्या, छपरं जळालेली, पसारा अजिबात नको. "नाही जमलं तर राहू द्या, अप्पा. हल्ली तयार मिळतात. घरपोच येतात."

"घरपोच," अप्पा मला म्हणाले. "म्हंजी त्याला यायचं कामच ऱ्हायलं न्हाई."

तीन दिवस ते कोरणी हातात घेऊन बसले. मी म्हटलं, एक भिंत पाडा, मग हात बसेल. ते म्हणाले, "आत चूल हाय, सर. भाकर ठिवलीया तव्यावर. कशी पाडू?"

रविवारी मंगेश आला तेव्हा मी तिथंच होतो. गाव टेबलावर मांडलेलं, एकही वीट हललेली नाही. पण घमेली, चपला, कोंबड्या सगळं गायब. दारं बंद. आणि प्रत्येक घराबाहेर बाज भिंतीला टेकवून उभी.

"अप्पा, यात उद्ध्वस्त काय आहे?"

"आमी ऊसतोडीला निघालो का आई बाज उभी करायची. बाज उभी म्हंजी घरात कुनी न्हाई. दिवाळी झाली का सगळा गाव असा. मी बैलगाडीतनं मागं बघत ऱ्हायचो." अप्पांनी नाक पुसलं. "ह्याच्यापरीस उजाड गाव मला म्हाईत न्हाई, बाबा."

मंगेशनं ओसरीकडे पाहिलं. तिथं त्याची बाज होती, आडवी, स्वच्छ चादर घातलेली.

"मी गेल्यावर ही..."

"उभी करतो. झाडायला बरं पडतं."

मी गेली बारा वर्षं त्यांचा शेजारी. ती बाज महिनोन् महिने उभी पाहिली होती आणि मलाही ते झाडण्यासाठीच वाटलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

मंगेशनं गाव खोक्यात भरलं, जेवला आणि गेला. अप्पांनी चादरीची घडी केली, बाज उभी केली. मग आत जाऊन ओरडले, "बघा, येडं एक घर इसरलं! फोन लावा त्याला!"

मी अंगणात जाऊन फोन लावला.

"विसरलो नाही, काका," मंगेश म्हणाला. "अप्पा विहिरी लपवतात, ते मला पहिल्यापासून माहितीय. पुढच्या रविवारी येतो न्यायला, एवढंच सांगा. बाकीचं बोलू नका."

मी तेवढंच सांगितलं.

"धांदरट हाय. आईवर गेलाय," अप्पा म्हणाले. इतक्या आनंदात मुलाला नावं ठेवणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी बाज ओढून पुन्हा आडवी केली, चादर घातली, हातानं सुरकुत्या काढल्या. मग आत येऊन खिशातला हवालदार त्या राहिलेल्या घराच्या दारात उभा केला आणि बराच वेळ बघत राहिले.

"सर, मानूस येनार म्हंजी दारात बादली पायजे."

माझी टूथपेस्ट कालच उघडलेली होती. मी घरी गेलो आणि टोपण घेऊन आलो.