गच्चीवरचा मेंढा

हद्दूने मेंढा गच्चीवर नेऊन ठेवला तो केवळ सरसाचा वास जावा म्हणून. कुर्बानीची मोठी ईद तोंडावर असताना वारझाझा या सिनेमावाल्या गावातल्या गच्चीवर मेंढा दिसला की लोक काय समजतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. कलावंत माणूस! तारेचा सांगाडा, त्यावर प्लास्टर, वरून अस्सल लोकरीचं कातडं आणि काचेचे डोळे असा तो मेंढा सिनेमात कड्यावरून खाली पडायचा होता. आजवर हद्दूने उस्तादांच्या हाताखाली ढाली-तलवारी रंगवल्या होत्या. स्वतःच्या नावावर मिळालेलं हे पहिलं काम होतं. ते फसलं की पुन्हा उस्तादांकडे प्लास्टर कालवायला जाणं आलं.

शेजारच्या गच्चीवरून हाज्ज मिमूनने मान उंचावली. गल्लीतला सर्वांत मोठा मेंढा दरवर्षी त्याचाच असे, आणि इतरांचे बघून "छान आहे, लहानखुरा आहे," म्हणायची त्याची रीत होती.

"इत्तो, पोरी, हा कुणाचा गं?"

"आमचाच की," कपडे वाळत घालता घालता हद्दूची बायको म्हणाली.

"बाजारातून आणला?"

"छे! बाजारात असला मिळतो का कुठे?"

हाज्ज तडक खाली गेला. हद्दूने कपाळाला हात लावला. "खोटं कशाला बोललीस?"

"एक अक्षर तरी खोटं आहे का, सांगा! दरवर्षी त्यांचं ते 'लहानखुरा' मी ऐकून घेते. यंदा जरा त्यांची झोप उडू दे."

संध्याकाळी हाज्जने लसूणघासाची पेंढी पाठवली. ती तशीच पडून राहिली तर बोभाटा व्हायचा, म्हणून इत्तोने ती गुपचूप पाववाल्याच्या गाढवाला घातली. मेंढा जागचा हलत नाही अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा हद्दू रोज पहाटे त्याचं तोंड दुसरीकडे फिरवून ठेवू लागला. पुढे "ओरडत कसा नाही हो तुमचा?" अशी चौकशी आली आणि बिचाऱ्यावर जिन्यात बसून बें-बें करायची पाळी आली.

"घसा बसलाय वाटतं जनावराचा," हाज्ज पलीकडून म्हणाला. हद्दूला ते फार लागलं.

शेवटी हाज्जला राहवलं नाही. त्याने आपला मेंढा परत केला आणि त्याहून थोराड, तापट असा दुसरा आणला. नेमकी त्याच सकाळी काम बघायला स्टुडिओतून सी थामी नावाचा साहेब येणार होता. नव्या मेंढ्याने पाहिलं, तर पलीकडे कुणीतरी पापणीही न हलवता आपल्याकडे रोखून बघतंय. हा अपमान त्याला सोसवला नाही. बुटका कठडा ओलांडून त्याने जी धडक दिली, तिने हद्दूच्या मेंढ्याचं मुंडकं वेगळं झालं. प्लास्टरवर आपटून त्याचं स्वतःचं डोकंही गरगरलं असावं, कारण तो तिथेच खुंटासारखा उभा राहिला.

हद्दूने धड आणि मुंडकं खाली आणलं, तोच खोलीच्या दारात हाज्ज. टोपी वाकडी, आवाज कापरा.

"हद्दू, लेका, माझ्या मेंढ्यानं तुझ्या ईदेचा घात केला. तो आता तुझा. नाही म्हणू नकोस."

"हाज्ज, तो खोटा होता. प्लास्टरचा."

हाज्जचे डोळे भरून आले. "मला ओझं नको म्हणून काय काय बोलतोस रे! असा शेजारी मिळायला नशीब लागतं."

हद्दूने मुंडकंच त्याच्या हातात दिलं. खालून तारा लोंबत होत्या. हाज्जने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"ह्याच्यासाठी मी माझा मेंढा बदलला?"

"नंतर हवं तेवढं रागवा. आधी हे घट्ट धरा, मी सरस लावतो. तो माणूस आला तर माझं काम गेलंच म्हणून समजा."

तो माणूस केव्हाच आला होता. "मेंढा कुठाय?" असं त्याने विचारलं आणि इत्तोच्या तोंडून सवयीने "गच्चीवर" निघून गेलं होतं. तिने हे सांगताच तिघे धापा टाकत वर पोचले, तेव्हा सी थामी काळा चष्मा लावून हाज्जच्या मेंढ्यापुढे उकिडवा बसला होता. मेंढा अजून भानावर नव्हता.

"लोकर झकास जमलीय," तो म्हणाला. "पण डोळे? डोळ्यांत जीव नाही रे. आणि असली बेढब शिंगं खऱ्या मेंढ्याला असतात होय? तू जरा बाजारात जाऊन बघून ये."

"बेढब?" हाज्ज कळवळला.

एवढ्यात मेंढा सणसणीत शिंकला, थेट सी थामीच्या चष्म्यावर.

सी थामीने चष्मा काढला, सावकाश पुसला आणि मेंढ्याकडे न बघता तो जिन्याकडे वळला.

"काम ईदेनंतर दिलंस तरी चालेल. आणि हद्दू, हे स्टुडिओत कुठे बोलू नकोस हं."

"छे छे, सी थामी!" हद्दूचा जीव भांड्यात पडला. काम वाचलं होतं.

हाज्ज मात्र मेंढ्यासमोर वाकून उभा होता. त्याने एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने. इत्तो खाली गेल्याची खात्री करून त्याने हद्दूला जवळ ओढलं.

"लेका, तू यातला जाणकार. डोळ्यांभोवती थोडा काळा रंग लावून देशील? ईदेपुरताच."