बार्बाडोसचा मुक्काम

माझे जर्मन घरमालक हेर ब्रुन्स, म्हणजे ब्रुन्ससाहेब, रोज संध्याकाळी बरोबर साडेसहाला स्वयंपाकघराच्या टेबलावरून कॅरिबियनच्या सफरीला निघायचे.

मी हॅम्बर्गच्या गोदीत शिकाऊ इंजिनियर होतो आणि त्यांच्याकडे एक खोली घेऊन राहायचो. युद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. हेर ब्रुन्स बंदराच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या जहाजांचे कागद तपासले, स्वतः मात्र एल्बे नदीच्या मुखापलीकडे कधी गेले नाहीत. आता टेबलावर सागरी नकाशा पसरून त्यावर लाल डोक्याची टाचणी रोज पट्टीनं मोजून पुढे सरकवायचे. ती टाचणी म्हणजे त्यांचं शिडाचं जहाज. खलाशी एकच, त्यांची बायको फ्राऊ ब्रुन्स. त्या बटाटे सोलता सोलता पहारा करायच्या.

मनाला येईल तशी टाचणी सरकवायला हा काय पोरखेळ होता? आधी रेडिओवर हवामान ऐकायचं. बातमी उत्तर समुद्राची, जहाज अटलांटिकमध्ये, पण सरकारी वारा तो सरकारी वारा! वादळ असलं की टाचणी जागच्या जागी, आणि सांडू नये म्हणून आम्हाला सूपही अर्धंच.

"ओर्डनुंग, हेर दामले! समुद्रावर शिस्त नसली की माणूस बुडतो."

"टेबलावरसुद्धा?" मी एकदा विचारलं.

"टेबलावर आधी," ते म्हणाले.

फ्राऊ ब्रुन्स एकदा मला हळूच म्हणाल्या, "यांना खरी बोट घ्यायची होती हो. पण मला बंदरातल्या फेरीतसुद्धा उलट्या होतात."

टाचणी बार्बाडोसला लागली त्या दिवशी माझी बंदर अधिकारी म्हणून नेमणूक झाली. तिथं इंग्रजांचं राज्य, आणि घरात इंग्रजी येणारा मी एकटा. इंग्रजांना आमच्या देशातून घालवता घालवता पिढ्या गेल्या. मला इंग्रज व्हायला ते स्वयंपाकघर आणि दोन मिनिटं पुरली. फॉर्म त्यांनीच तीन प्रतींत तयार ठेवले होते. बटाट्यांचा साठा किती, खलाशाला देवी काढल्या आहेत का, सगळं. नारळ कसा फोडतात याचा खुलासाही माझ्याकडून लेखी घेतला. मुक्काम तीन दिवस.

दुसऱ्याच दिवशी फ्राऊ ब्रुन्सच्या पोटात असह्य दुखायला लागलं आणि त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. मोठं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर खात्री देईनात.

घरी साडेसहाला रेडिओ लागायचा. वारा उत्तम, पण टाचणी हलेना. आठ दिवस झाले, हेर ब्रुन्स कोट घालून नकाशासमोर नुसते बसायचे. मला बघवेना. मग मी अतिशहाणपणा केला. ते हॉस्पिटलात गेलेले पाहून टाचणी दोन बोटं पश्चिमेला, पुढच्या बेटावर नेऊन ठेवली. म्हटलं, म्हातारा खूश होईल.

ते आले, बघितलं, आणि असे ओरडले की खालच्या मजल्यावरच्यांनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.

"खलाशी किनाऱ्यावर आहे! तिला टाकून जहाज हाकणारे तुम्ही कोण?"

पट्टीनं मोजून त्यांनी टाचणी परत बार्बाडोसला लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी माझ्या दारावर टकटक झाली. हेर ब्रुन्स टाय बांधून उभे, हातात तीन प्रती. बार्बाडोसचा मुक्काम वाढवून मिळण्याचा अर्ज. राहण्याचा परवाना वाढवून घ्यायला परदेशी लोकांच्या पोलीस कचेरीत मी दरवर्षी अस्साच उभा राहायचो, टोपी काढून. अर्जात कारण लिहिलं होतं, 'खलाशी आजारी'. किती दिवस, ती जागा कोरी. या माणसानं आयुष्यात एक रकाना कोरा सोडला नसेल.

"ते अधिकाऱ्यानं ठरवायचं असतं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

मी लिहिलं, 'खलाशी जहाजावर परत येईपर्यंत', आणि तिन्ही प्रतींवर सही केली. अक्षरं मला नीट दिसत नव्हती.

हेर ब्रुन्सनी ते दोनदा वाचलं. एक प्रत मला दिली, एक नकाशाखाली सरकवली, आणि तिसरी बायकोला दाखवायला म्हणून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. भेटीची वेळ चारची होती. ते सकाळी नऊलाच निघाले.